'नो-नो बॉय' : युद्धकालीन स्वातंत्र्याचा आदर्श आणि अल्पसंख्याकाचा नकार

बीजशब्द : वांशिक अल्पसंख्याक, निष्ठा, नागरिकत्व, स्थानबद्धता, नकार

प्रस्तावना :
६ जानेवारी १९४१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काँग्रेससमोरील भाषणात चार स्वातंत्र्यांचा पुरस्कार केला. भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, उपासनेचे स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती ही ती चार स्वातंत्र्ये होत. ती जगात सर्वत्र नांदली पाहिजेत, ही भूमिका पुढे अमेरिकेच्या युद्धप्रयत्नांचे नैतिक अधिष्ठान ठरली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी याच राष्ट्राध्यक्षांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर स्वाक्षरी केली. या आदेशात 'जपानी' हा शब्दही नव्हता. लष्करी अधिकाऱ्यांना ठरावीक प्रदेशांतून कोणालाही हलविण्याचा अधिकार त्यात दिला होता. प्रत्यक्षात मात्र पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत राहावे लागले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते.

स्वातंत्र्याचा आदर्श आणि अल्पसंख्याकांना मिळालेली वागणूक यांतील ही विसंगती इतिहासग्रंथांतून पुरेशी नोंदली गेली आहे. जॉन ओकाडा यांच्या 'नो-नो बॉय' (१९५७) या कादंबरीचे वेगळेपण असे की, ती छावणीच्या वर्णनात फारशी रमत नाही. स्थानबद्धांना विचारलेल्या निष्ठेच्या प्रश्नाने माणसाचे काय केले, याचा शोध ती घेते. प्रस्तुत लेखात या अंगाने कादंबरीचा विचार केला आहे.

निष्ठेची प्रश्नावली :
१९४३ च्या प्रारंभी छावण्यांतील सतरा वर्षांवरील स्थानबद्धांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. आदेश मिळेल तेथे अमेरिकी सैन्यात लढण्याची तयारी आहे काय, असे प्रश्न क्रमांक २७ विचारत होता. प्रश्न क्रमांक २८ अमेरिकेवरील संपूर्ण निष्ठेची शपथ आणि जपानच्या सम्राटावरील निष्ठेचा त्याग मागत होता. पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांना, म्हणजे 'इस्सेईं'ना, कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व मिळूच शकत नव्हते. त्यांनी जपानचा त्याग केला असता तर ते कोणत्याच देशाचे उरले नसते. पुढे त्यांच्यासाठी प्रश्नाचा मसुदा बदलावा लागला. अमेरिकेत जन्मलेल्या 'निसेईं'ची अडचण निराळी होती. जी निष्ठा त्यांनी कधी बाळगलीच नव्हती, तिचा त्याग करणे म्हणजे ती पूर्वी होती असे कबूल करणे होते.

दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हणणाऱ्यांना 'नो-नो बॉय' हे नाव पडले. अशांची रवानगी प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील ट्यूल लेक छावणीत झाली. जानेवारी १९४४ मध्ये निसेईंना सक्तीची लष्करभरती पुन्हा लागू झाल्यावर ज्यांनी भरती नाकारली, त्यांना तुरुंगवास झाला. हे दोन गट एकच नव्हते. कादंबरीचा नायक इचिरो यामादा दोन वर्षे छावणीत आणि दोन वर्षे तुरुंगात काढून आलेला आहे. म्हणजे काटेकोरपणे पाहता तो भरती नाकारणारा आहे. ओकाडांनी शीर्षकात मात्र प्रश्नावलीतील नकार घेतला. ऐतिहासिक दृष्टीने ही सरमिसळ असली तरी वाङ्मयीन दृष्टीने ती अर्थपूर्ण आहे, कारण कादंबरीचा खरा विषय कारावासापेक्षा त्या 'नाही'चा अर्थ हा आहे.

नकाराचे परिणाम :
इचिरो पंचविसाव्या वर्षी सिॲटलला परततो. तेथे त्याचा पहिला धिक्कार शासनाकडून होत नाही. सैन्यातून आलेला त्याचाच जातभाई त्याच्यावर थुंकतो. रस्त्यावरील कृष्णवर्णीय तरुण त्याची हेटाळणी करतात. धाकटा भाऊ तारो त्याचा तिरस्कार करतो आणि वय होताच सैन्यात भरती होतो. शासनाने आखलेली 'निष्ठावान' व 'निष्ठाहीन' ही विभागणी युद्ध संपल्यावर घराघरांत आणि स्वतः अन्याय सोसलेल्यांच्या मनांत कशी टिकून राहते, हे ओकाडा या प्रसंगांतून दाखवितात.

केन्जी हे पात्र याच्या उलट बाजूचे. त्याने 'होय' म्हटले, तो लढला, पदक मिळवले आणि पाय गमावला. उरलेल्या पायातील न थांबणारी जखम त्याला मृत्यूकडे नेते. केन्जी आणि इचिरो कोणाचे दुःख मोठे याचा हिशेब मांडतात, पण तो जुळत नाही. 'होय' म्हणणाऱ्यालाही देशात पूर्ण स्थान मिळालेले नाही, हे त्यातून स्पष्ट होते. पोर्टलंडमधील अभियंता कॅरिक स्थानबद्धता ही चूक होती असे मानून इचिरोला नोकरी देऊ करतो. इचिरो ती नाकारतो, कारण आपण त्या सौजन्यास पात्र नाही असे त्याला वाटते. येथे अन्यायाची खोली कळते : ज्याच्यावर अन्याय झाला तोच स्वतःला अपराधी समजू लागला आहे.

ओकाडा स्वतः मिनिडोका छावणीत होते आणि नंतर अमेरिकी सैन्यात दाखल झाले. म्हणजे त्यांचे उत्तर 'होय' होते. असे असूनही त्यांनी 'नाही' म्हणणाऱ्याला कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवले, हा या कृतीचा नैतिक विशेष होय. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात नकाराचे स्वातंत्र्य अंतर्भूत असते. कुंपणाआड विचारलेल्या प्रश्नाला 'होय' हे एकच सुरक्षित उत्तर असेल, तर त्या 'होय'लाही स्वेच्छेचे मोल उरत नाही.

मर्यादा :
कादंबरीच्या काही मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. जपान युद्ध जिंकला यावर अखेरपर्यंत श्रद्धा ठेवणारी इचिरोची आई ओकाडांनी जवळजवळ वेडाच्या सीमेवर नेली आहे. इचिरो आपल्या नकाराचे खापर वारंवार तिच्यावर फोडतो. परिणामी आदेश काढणारी शासनसंस्था काही काळ वाचकाच्या नजरेआड जाते. मुलाच्या दृष्टीने हे स्वाभाविक असले, तरी नागरिकत्वापासून कायद्याने वंचित ठेवलेल्या स्त्रीने दुसऱ्या देशाच्या विजयाला का कवटाळले असेल, हा प्रश्न कादंबरी अर्धवट सोडते. शेवटी सूचित होणारी आशाही घटनांच्या ओघातून पुरेशी सिद्ध होत नाही.

न्यायाचा विलंब :
या कादंबरीला प्रथम वाचक लाभले नाहीत. ओकाडांचे १९७१ मध्ये निधन झाले आणि १९७६ मधील पुनर्मुद्रणानंतर तिची दखल घेतली गेली. न्यायालाही असाच विलंब लागला. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सु खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी शासनाची बाजू उचलून धरली होती. हवाई बेटांवर, म्हणजे प्रत्यक्ष हल्ल्याच्या ठिकाणी, जपानी वंशाच्या लोकांचे असे सरसकट स्थलांतर झाले नव्हते. तरीही लष्करी गरजेचा युक्तिवाद मान्य झाला. काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही स्थानबद्धतेची कारणे ठरविली. १९८८ च्या कायद्याने हयात स्थानबद्धांची क्षमा मागून प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई दिली. कोरेमात्सु निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. १९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या वेळी चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवली येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांतील अनेकांचा जन्म भारतातच झाला होता आणि काहींना तेथे काही वर्षे काढावी लागली. आपल्या महाविद्यालयांत 'नो-नो बॉय' शिकविताना ती दुसऱ्या देशाच्या चुकीची कथा म्हणून शिकविली, तर तिचे मर्म हरवेल.

निष्कर्ष :
युद्धकाळात शासनाने अल्पसंख्याकांचा विश्वासघात केला, एवढेच 'नो-नो बॉय' सांगत नाही. वंशाच्या आधारावर निष्ठेचा पुरावा मागणे हाच मूळ अन्याय आहे, मग उत्तर 'होय' असो वा 'नाही', हे ती इचिरो आणि केन्जी या दोघांच्या जीवनातून प्रत्ययास आणून देते. बहुसंख्याकांना जो प्रश्न कधी विचारला जात नाही, तो अल्पसंख्याकांना विचारला जातो तेव्हाच त्यांचे नागरिकत्व उणे ठरलेले असते. क्षमायाचना आणि भरपाई यांनी छावणीतील वर्षांची दखल घेतली. पण त्या प्रश्नाने समाजात आणि व्यक्तीच्या मनात पाडलेली फूट कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिची नोंद ओकाडांनी घेतली, हे या कादंबरीचे महत्त्व आहे.