व्हाइट ऑर्चर्डमधली जळालेली भट्टी

'द विचर ३: वाइल्ड हंट' (२०१५) हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम. सहा तास झाले, मी अजून व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या भागातच रेंगाळतोय. इथे निल्फगार्डच्या सैन्याचा ताबा आहे.

विलिस हा ड्वार्फ लोहार. सैन्याचं काम करतो म्हणून गावाचा त्याच्यावर राग. त्याची भट्टी कुणीतरी जाळलीय. माग काढत गेलं की सापडतो गावातलाच एक दारुडा. तो गप्प राहायचे पैसे देऊ करतो. मी ते नाकारले आणि मोठ्या न्यायाच्या थाटात त्याला लोहारासमोर उभं केलं. लोहारानं सैनिकांना बोलावलं. ते त्याला फासावर द्यायला घेऊन गेले. माझ्या खिशात बक्षिसाची नाणी.

गेम यावर चूक-बरोबरचे गुण देत नाही. इथेच तो मला पटला.

तक्रारही आहे. सूचनाफलक वाचला की मॅपवर प्रश्नचिन्हं उगवतात आणि भटकंतीची किराणा यादी होते. त्या चिन्हांपाशी बहुधा एखादी पेटी नाहीतर राक्षसांचं बीळ. खरा गेम माणसांपाशी आहे.

पुढे वेलेन आहे, याहून कितीतरी मोठं. तिथे गुन्हेगार सापडला, तर आधी बघणार: याला मी कुणाच्या हवाली करतोय?