गिऱ्हाईक नावाचा माणूस

व्यापार आणि अर्थकारण यांवरील लेखन हा आपल्याकडे समीक्षेचा विषय मानला जात नाही. ते परीक्षेपुरते वाचावे आणि रद्दीत घालावे, असा आपला शिरस्ता. वाणिज्य महाविद्यालयात तीस वर्षे शिकवताना मीही तो इमानाने पाळला. तथापि काही निबंध असे असतात की, त्यांतली भाषा, त्यांतले दृष्टांत आणि त्यांच्या बुडाशी असलेली माणसाविषयीची समजूत यांचा विचार केल्यावाचून त्यांचे मोल ठरवता येत नाही. थिओडोर लेव्हिट याचा ‘बाजारपेठांचे जागतिकीकरण’ हा निबंध त्यांपैकी एक. १९८३ साली तो ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. ‘जागतिकीकरण’ हा शब्द काही लेव्हिटने घडवला नाही. पण धंदेवाल्यांच्या तोंडी तो रुळवण्याचे पुष्कळसे श्रेय या निबंधाकडे जाते.

निबंधातील प्रतिपादन थोडक्यात असे : नव्या तंत्राने दळणवळण आणि प्रवास सर्वांच्या आवाक्यात आणले, त्यामुळे जगभरच्या माणसांच्या आवडीनिवडी एकवटू लागल्या. देशोदेशीच्या चालीरीती पाहून माल बदलत बसणाऱ्या कंपन्यांचे दिवस सरले. सारखाच माल, चांगल्या प्रतीचा, कमी किमतीत सगळ्या जगाला विकणारी कंपनी पुढे जाईल. कारण चांगले आणि स्वस्त मिळाले की माणूस आपल्या खास आवडी आपण होऊन सोडून देतो.

हे सांगण्याची लेव्हिटची तऱ्हा मोठी ऐटदार आहे. तो शंका घेत नाही, बजावतो. कोल्ह्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, साळूला एकच पण मोठी गोष्ट ठाऊक असते, हा आयझाया बर्लिनचा दृष्टांत तो उचलतो आणि जागतिक कंपनीला साळूच्या जागी बसवतो. ही निवड मला फार सूचक वाटते. बर्लिनने तो दृष्टांत टॉलस्टॉयला लावला तेव्हा त्याचे म्हणणे असे होते की, टॉलस्टॉय पिंडाने कोल्हा, पण आपण साळू आहोत अशी त्याची श्रद्धा. लेव्हिटचेही काहीसे असेच आहे. त्याच्या निबंधातले जिवंत भाग सिद्धांताचे नाहीत, बारीकसारीक निरीक्षणांचे आहेत. हूवर कंपनीच्या धुलाईयंत्राचे प्रकरण पाहावे. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वीडन येथल्या गिऱ्हाइकांना विचारले तेव्हा प्रत्येक देशाने निराळे यंत्र मागितले. प्रत्यक्षात मात्र इटलीची साधी, स्वस्त यंत्रे जर्मनीतही खपत होती. माणूस सांगतो एक आणि घेतो दुसरे, हे लेव्हिटने येथे नेमके टिपले आहे. निरीक्षण कोल्ह्याचे आहे. त्यावरून काढलेला जगाचा नियम साळूचा.

परंतु याच निबंधात एक असे चित्र आहे की, ते वाचून मी दर वेळी थबकतो. बियाफ्राच्या युद्धातले सैनिक. हातात रक्ताने माखलेल्या तलवारी, कानाशी ट्रान्झिस्टर, तोंडाशी कोकाकोलाची बाटली. लेव्हिट हे सांगतो ते पुरावा म्हणून : पाहा, आधुनिक वस्तूंची ओढ कोठवर पोहोचली आहे! कादंबरीकाराने हे दृश्य लिहिले असते, तर वाचकाचे डोळे तलवारीवर खिळले असते. लेव्हिट बाटलीकडे पाहतो आणि पुढे जातो. त्याला मी निर्दय म्हणत नाही. जर्मनीत जन्मलेला, नाझींच्या राजवटीत लहानपणीच कुटुंबासह देश सोडून अमेरिकेत आलेला हा माणूस. माणसामाणसांतले भेद किती घातक होऊ शकतात, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. भेद मिटणार या त्याच्या उत्साहामागे हे असेल काय, असे कधी कधी मनात येते. पण दृष्टी वस्तूवर खिळली की वस्तू धरणारा हात दिसेनासा होतो, हा दोष उरतोच.

हा निबंध लेव्हिटच्याच १९६० च्या ‘मार्केटिंग मायोपिया’शी ताडून पाहिला पाहिजे. तेथे तो अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांना झोडपतो : आपण रेल्वे चालवतो असे त्या समजल्या, प्रवासाची गरज भागवतो हे विसरल्या. गिऱ्हाइकापासून विचार सुरू करा, हा त्या निबंधाचा मंत्र. मग तेवीस वर्षांनी तोच लेखक, गिऱ्हाईक काय म्हणते तिकडे फार लक्ष देऊ नका असे का म्हणू लागला? वरवर पाहता ही विसंगती आहे. पण पहिल्या निबंधात हेन्री फोर्डविषयी एक मार्मिक विवेचन आहे. कारखान्याने मोटार स्वस्त झाली असे आपण मानतो. लेव्हिट म्हणतो, आधी लोकांना परवडेल अशी किंमत मनात धरली आणि तीसाठी कारखाना तसा रचला. दोन्ही निबंधांना जोडणारा धागा हाच आहे : कमी किंमत. पुष्कळ कंपन्यांनी १९८३ चा निबंध अर्धाच वाचला. ‘सारखा माल’ एवढे शब्द घेतले, ‘कमी किमतीत’ हे सोडून दिले.

याची प्रचीती आपल्या देशात आली. केलॉगने १९९४ साली तळोज्याचा कारखाना घेऊन भारतात पाऊल टाकले. मक्याच्या पोह्यांवर थंड दूध घालायचे असते; आपल्याकडे सकाळी दूध तापवून घेतात, त्यात ते पोहे लगदा होतात. शिवाय किंमत मध्यमवर्गाला जड. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स आले ते गोमांस वगळून, आणि पुढे बटाट्याची टिक्की पावात घालून विकू लागले. मुंबईकराला त्यात नवे काय वाटणार! उलट लेव्हिटची स्वस्ताईची शिकवण खरी करून दाखवली ती अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी. १९६९ साली घरी धुलाईची पूड बनवून ती सायकलवरून दारोदार विकणाऱ्या या रसायनतज्ज्ञाने बड्या परदेशी कंपनीला घाम फोडला.

आणि गंमत अशी की, ज्या १९८३ साली हा निबंध निघाला त्याच साली आपल्याकडे दोन लहानशा घटना घडल्या. मॅगी भारतात आली : शेवयांची वडी, सोबत मसाल्याची पुडी. आणि तामिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी पुडीतला शॅम्पू विकण्याचा स्वतंत्र धंदा मांडला. पुडीची कल्पना त्यांच्या वडिलांची, कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी ही पुडी उचलली, आणि २००४ साली सी. के. प्रल्हाद यांनी पिरॅमिडच्या तळाच्या गिऱ्हाइकावर ग्रंथ लिहिला तेव्हा पुडीला विद्वत्मान्यताही मिळाली.

पुडीचे मला अप्रूप वाटू नये, इतकी मी ती लहानपणी बांधली आहे. तालुक्याच्या गावी वडिलांचे किराणा दुकान होते. दिवेलागणीला मजुरी घेऊन बाया येत : दहा पैशांची चहापूड, पंधरा पैशांचे गोडेतेल. कॉलेजात गेल्यावर मी वडिलांना हिशेब मांडून दाखवला की, या बाया आठवड्याचा माल एकदम घेतील तर त्यांना स्वस्त पडेल. वडील म्हणाले, “आठवड्याचे पैसे त्यांच्या हातात कधी असतात का रे?” ‘स्वस्त’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे मला तेव्हा उमगले नाही. एक अर्थ किलोमागच्या दराचा. दुसरा, आजच्या मुठीत मावण्याचा. लेव्हिटला पहिला पूर्ण कळला होता, दुसरा त्याच्या निबंधात कोठेच नाही.

मी हा निबंध शिकवत असता एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “सर, यात उधारीचं गिऱ्हाईक कुठं बसतं?” वर्ग हसला. अभ्यासक्रमात ते नाही, असे सांगून मीही हसलो. माझी फी ज्या दुकानातून भरली गेली, तेथली निम्मी विक्री वहीवर होत असे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. तो मुलगा वाण्याचा होता, हे मला नंतर कळले.

त्याचे उत्तर आज देतो. उधारीचे गिऱ्हाईक या निबंधात बसत नाही, कारण त्याला नाव लागते, घर लागते, गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे काय झाले हे माहीत असावे लागते. लेव्हिटचे गिऱ्हाईक बिननावाचे आहे. आज काळ असा फिरला आहे की, भ्रमणध्वनीतून माल विकणाऱ्या कंपन्यांना आपले नाव, घर आणि गेल्या महिन्याची खरेदी, सगळे ठाऊक असते. देशोदेशींच्या भिंती पडत जाणार हे लेव्हिटचे भाकीतही डळमळले; २०१८ साली अमेरिका आणि चीन यांनी एकमेकांच्या मालावर जकाती चढवल्या, तेव्हा ते सर्वांच्या ध्यानात आले. म्हणून हा निबंध टाकाऊ ठरत नाही. गिऱ्हाइकाला त्याच्या परंपरेत कोंडू नका, गरिबालाही चांगली वस्तू हवी असते, हे त्यातले सांगणे आजही खरे आहे आणि उदार आहे. मात्र तो वाचताना शेजारी वाण्याची एखादी जुनी वही उघडी ठेवावी.

लक्ष्मीपूजनाला वडील नवी वही घालीत. मागील बाकी नव्या पानावर ओढण्याचे काम माझे. काही नावांवर ते बोट ठेवीत आणि म्हणत, “हे ओढू नकोस.” कारण कधी सांगत नसत, आणि ती माणसे दुसऱ्या दिवशी दुकानात आली की त्यांना नेहमीसारखाच माल देत.