सोंग, नियम आणि विश्वाचा विस्तार

विश्वाचा विस्तार हा विज्ञानसाहित्याचा हक्काचा विषय मानला जातो. तथापि प्रत्यक्ष साहित्यकृतीत त्याची अवस्था बहुधा केविलवाणी असते. निवेदक प्रकाशवर्षांचे आकडे सांगतो, वाचक ते मान्य करतो आणि कथा पुढे सरकते. परंतु मान्य करणे म्हणजे आकलन होणे नव्हे. कांटने १७९० साली उदात्ताचे विवेचन करताना याच जागी बोट ठेवले होते. एकामागून एक परिमाणे ग्रहण करीत जाणे मनाला अमर्याद शक्य असते; ती सारी एकत्र धरण्याची त्याची शक्ती मात्र लवकरच संपते. विज्ञानकथेतील आकडा पहिल्या क्रियेपाशीच थांबतो. दुसरी क्रिया घडवून आणण्याचे, किंवा तिचे अपयश तरी जाणवून देण्याचे, साधन कोणते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या संदर्भात मराठी समीक्षेने सहसा न हाताळलेल्या एका प्रकाराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तो प्रकार म्हणजे विज्ञानकाल्पनिक भूमिका-खेळ. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राचे सोंग घेऊन त्याच्या वतीने बोलतो व निर्णय करतो, एक जण पंच म्हणून उरलेले सारे जग सांभाळतो आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फासे देतात. येथे संहिता म्हणजे नियमांचे पुस्तक. कथा त्यात लिहिलेली नसते. ती नियमांतून निपजते.

सोंग आणि नियम यांचे हे नाते मराठी मुलखाला अपरिचित नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी येथील होळीत नवस केलेले पुरुष बावा, बुध्या, मोरखी अशी रूपे घेतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू. पाहणाऱ्याचे लक्ष या वेषावर खिळते, छायाचित्रेही वेषाचीच निघतात. पण रूप सिद्ध होते ते पाळणीने. ठरलेले दिवस खाटेवर न झोपणे, ब्रह्मचर्य राखणे, ही बंधने शरीराने सोसल्यावाचून बावा हा बावा होत नाही. काठीचे व्रत आणि टेबलावरचा खेळ यांना एका पंक्तीत बसवणे अर्थातच उथळपणाचे होईल. एकात श्रद्धा व समूहाची स्मृती आहे, दुसऱ्यात करमणूक. घेण्याजोगा मुद्दा एवढाच की वर्णनाने जे साधत नाही ते पाळलेल्या नियमाने साधू शकते, आणि नियमाची काही किंमत मोजावी लागली तरच साधते.

मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील अंतराळयान एका झेपेत १ ते ६ पार्सेक अंतर कापते. १ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. झेप लहान असो वा मोठी, तिला साधारण एक आठवडा लागतो. दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे: यानापेक्षा वेगाने कोणताही संदेश जाऊ शकत नाही. पाच झेपा दूर असलेल्या ग्रहावर पत्र धाडले तर उत्तर यायला किमान दहा आठवडे हवेत. खेळाडू जो माल विकायला निघतो त्याचा तिथला भाव त्याला कळलेला असतो तो शिळा. साम्राज्याच्या राजधानीतील घटना सीमेवर पोहोचते ती कित्येक महिन्यांनी. तोवर सीमेवरचे लोक जुन्याच जगात निष्ठेने वागत राहतात. अंतर येथे आकडा म्हणून येत नाही. ते अज्ञान म्हणून येते, आणि त्या अज्ञानात निर्णय घ्यावा लागतो. हीच या खेळाची पाळणी.

जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेचे बळही, तिची भाषा साधी असूनही, याच जातीचे आहे. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो हा सिद्धान्त तेथे माहिती म्हणून पडून राहत नाही. माणसांची घड्याळे एकमेकांपासून तुटण्याचा तो नियम होतो. नंतरच्या अनेक मराठी विज्ञानकथांत मात्र एक जाणते पात्र दुसऱ्या अजाण पात्राला विश्वरचना समजावून सांगते, तेव्हा आकलनाची जागा पाठाने घेतलेली असते.

तरीही 'ट्रॅव्हलर'ची स्तुती सावधपणेच करायला हवी. त्याचा नकाशा षट्कोनांचा आणि सपाट आहे. अवकाशाची तिसरी मिती त्यात नाही. शिवाय दोन ताऱ्यांमधील पोकळी झेपेत गिळली जाते आणि 'आठवडा गेला' असे पंचाने म्हटले की ती संपते. खेळाडूच्या हाती उरते ते तारायंत्रापूर्वीच्या दर्यावर्दी साम्राज्याचे परिमाण. त्याच १९७७ साली पृथ्वीवरून निघालेले 'व्हॉयेजर १' सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. हे परिमाण कोणत्याही एका पात्राच्या आयुष्यात मावत नाही. एका व्यक्तीचे सोंग घेणे ही ज्या प्रकाराची मूळ अट, त्याची येथे कोंडी होते.

'ट्रॅव्हलर'च्या एक वर्ष आधी, १९७६ साली आलेल्या जेम्स वॉर्ड यांच्या 'मेटामॉर्फोसिस अल्फा'ने ही कोंडी ओळखली होती, असे म्हणावे लागते. त्यातील प्रचंड यान पिढ्यान्‌पिढ्या प्रवासात आहे. एका आपत्तीनंतर त्यातल्या वंशजांना आपण यानात आहोत याचाच विसर पडला आहे. छत म्हणजे आकाश आणि मजला म्हणजे भूमी. खेळाडूला आपल्या पात्राहून अधिक माहीत असते, पण सोंग घेतले असल्यामुळे ते त्याला वापरता येत नाही. तेथे प्रकाशवर्षे कुणी मोजत नाही.