यवत व नागर वाहतुकीची सीमा

नागर वाहतुकीचे मूल्यमापन नगराच्या वेशीआतच करण्याची रूढी यवतच्या बाबतीत अपुरी ठरते. यवतवरून जाणारा पुणे–दिकसाळ लोहमार्ग १८५८ साली खुला झाला. पुणे–दौंड टप्प्याचे विद्युतीकरण मात्र २०१७ उजाडेपर्यंत लांबले. आणि त्याच वर्षी तेथे सुरू झालेली नवी गाडी निघाली डिझेलवरची ‘डेमू’. डोक्यावर विजेच्या तारा, खाली धूर! प्रवाशांच्या तोंडी रुळलेला ‘लोकल’ हा शब्द वर्णनपर नसून मागणीवजा आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पुण्याची मेट्रो २०२२ मध्ये धावू लागली व २०२३ मध्ये रेल्वे स्थानकाशी जोडली गेली. परंतु यवतच्या नोकरदाराचा वा विद्यार्थ्याचा दिवस ठरतो तो मेट्रोच्या वारंवारतेवर नव्हे, तर परतीच्या मोजक्या गाड्यांवर.