दुर्मिळ कोणी केले?

कोणतीही कलाकृती जन्मतः दुर्मिळ नसते. तिला दुर्मिळ केले जाते. तबकडी कारखान्यात छापली जाते तेव्हा तिच्या पुष्कळ प्रती निघतात. पुढे कोणते दुकान ती मांडते, कोणते नभोवाणी केंद्र ती वाजवते, कोणता समीक्षक तिच्यावर लिहितो, यावर ती उरणार की अडगळीत जाणार हे ठरते. म्हणून 'दुर्मिळ' हा शब्द वस्तूचा गुण सांगत नाही, तो समाजाने आणि बाजाराने दिलेला निकाल सांगतो. आशा पुथली या मुंबईत जन्मलेल्या गायिकेच्या 'द डेव्हिल इज लूज' या १९७६ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने मला या निकालाची उलटतपासणी करावयाची आहे.

पाश्चात्त्य संग्राहक अशा तबकड्यांना 'रेअर ग्रूव्ह' म्हणतात. ग्रूव्ह म्हणजे तबकडीवरची ती खाच, जिच्यातून सुई फिरते. आणि ग्रूव्ह म्हणजे अंगात भिनणारा ठेकाही. हे नाव रूढ केले ते लंडनच्या नॉर्मन जे या कृष्णवर्णीय तरुणाने, १९८०च्या दशकात, परवाना नसलेल्या एका नभोवाणी केंद्रावरून. शहराच्या मध्यवस्तीतले नाचघर काळ्या पोरांना दारातूनच परत पाठवीत असे. तेव्हा या पोरांनी ओस पडलेल्या गोदामांत आपले जलसे भरवले आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या, बाजाराने टाकून दिलेल्या काळ्या गायक-गायिकांच्या तबकड्या तिथे वाजवल्या. ज्यांना शहराने टाकले त्यांनी शहराने टाकलेले गाणे उचलले. आज त्या तबकड्यांचा लिलाव होतो आणि त्या श्रीमंतांच्या कपाटात जातात, हा भाग वेगळा. मूळ कृती मात्र बहिष्कृतांची होती, हे विसरता येत नाही.

आता आशा पुथली यांच्याविषयी. जन्म १९४५चा. घर सुशिक्षित, उच्चवर्णीय; कमलादेवी चट्टोपाध्याय या त्यांच्या नात्यातल्या. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे शिक्षण झाले आणि रेडिओवरून जॅझ कानावर पडला. काही काळ विमानसेविकेची नोकरी, मग नृत्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क. वेद मेहता यांच्या १९७० सालच्या भारतावरील पुस्तकात मुंबईच्या जॅझच्या प्रकरणात त्या भेटतात. पुढे ज्या जॉन हॅमंड यांनी बिली हॉलिडे आणि अरीथा फ्रँकलिन यांना ध्वनिमुद्रणाच्या दारात आणले, त्यांच्याच मार्फत त्या ऑर्नेट कोलमन या श्रेष्ठ कृष्णवर्णीय वादकापर्यंत पोहोचल्या. कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या १९७२ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत दोन गाणी आशा पुथली यांची आहेत. १९७३ साली लंडनहून त्यांची स्वतंत्र तबकडी आली आणि १९७६ साली, जर्मनीत डीटर झिमरमन या निर्मात्याबरोबर केलेली 'द डेव्हिल इज लूज'.

या तबकडीतले 'स्पेस टॉक' हे गाणे आधी ऐकावे. ठेका संथ आहे, पण ढिला नाही. खालच्या पट्टीतली गिटार एकच वळण पुन्हा पुन्हा घेते, वर विजेच्या वाद्यांचे सूर धुरासारखे पसरतात आणि या सगळ्यांवर एक आवाज तरंगत राहतो. हा आवाज सोल संगीताच्या रूढ कल्पनेत बसत नाही. सोल म्हटले की आपल्याला चर्चमध्ये घडलेला, भरल्या छातीचा, हाक देऊन समुदायाकडून प्रतिसाद मागणारा गळा अपेक्षित असतो. आशा पुथली हाक देत नाहीत. त्या श्वास सोडतात. शब्दाच्या शेवटी सूर तोडण्याऐवजी तो विरघळू देतात. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न वगळता घसरत जातात. शास्त्रीय शिक्षण इथे ताना मारून मिरवत नाही. मींडेच्या सवयीत ते मुरलेले आहे. आपल्याकडचे पुष्कळ 'फ्यूजन' सतार आणि गिटार शेजारी बसवून समाधान मानते. इथे एक गळा दुसऱ्या परंपरेचा ठेका आतून ओळखतो. या तबकडीचे खरे मोल मला इथे दिसते.

पण गुणगान करून थांबणे म्हणजे समीक्षा नव्हे. या आवाजात एक एकटेपण आहे आणि ते केवळ शैलीचे नाही. अरीथा फ्रँकलिनच्या मागे वडिलांचे चर्च होते, वस्ती होती, गुलामगिरीची तीनशे वर्षांची आठवण होती. आशा पुथली यांच्यामागे असा समुदाय नव्हता. काळ्यांच्या गाण्यातली वेदना त्यांच्या पूर्वजांनी भोगलेली नव्हती. म्हणून त्यांच्या गाण्यात विद्रोह शोधू गेल्यास तो सापडणार नाही. जे सापडते ते स्त्रीच्या इच्छेचे मोकळे, न लाजणारे उच्चारण. मला ते क्षुल्लक वाटत नाही.

या गाण्याला समुदाय मिळाला तो ऐकणाऱ्यांकडून. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो हा अनाथालयात वाढलेला माणूस १९७० पासून आपल्या राहत्या जागेत नाचाच्या मैफली भरवीत असे. त्या जागेला 'द लॉफ्ट' म्हणत. तिथे दारू विकली जात नसे. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते, लॅटिन अमेरिकी होते, समलिंगी होते. म्हणजे बाहेर ज्यांना अंग मोकळे करायला जागा नव्हती असे लोक. कंपनीने ज्या गाण्याचा गाजावाजा केला नाही ते 'स्पेस टॉक' या खोलीत जगले. पुढे १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या कृष्णवर्णीय रॅप गायकाच्या 'लाइफ आफ्टर डेथ' या संग्रहातील एका गाण्याचा पाया याच ठेक्यावर रचला गेला. म्हणजे काळ्यांच्या परंपरेतून घेतलेले गाणे वीस वर्षांनी काळ्यांच्या वस्तीत परतले.

इथे कोणी विचारील, दलित नियतकालिकात एका उच्चवर्णीय गायिकेची चर्चा कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते.

पहिली बाजू अशी. इंग्रजी भाषा, शास्त्रीय संगीताचा गुरू, परदेशाची वाट, पुस्तकात नाव येईल अशी ऊठबस, हे सारे ज्या जन्माने मिळाले तो जन्म आपल्या बायांच्या वाट्याला आलेला नाही. हे नाकारून आशा पुथली यांच्या 'उपेक्षे'विषयी गळा काढणे खोटेपणाचे होईल. त्यांची उपेक्षा ही माडीवरून खाली उतरलेल्या स्त्रीची उपेक्षा आहे. जिला माडीचा जिनाच कधी दिसला नाही तिची नव्हे.

दुसरी बाजू अशी की एवढे सगळे असूनही आपल्या अभ्यासक्रमात आणि संगीतसमीक्षेच्या नेहमीच्या चर्चेत हे नाव भेटत नाही. का? कारण प्रस्थापित सौंदर्यविचाराला डोके प्रिय आहे, शरीर नाही. बसून ऐकायचे ते संगीत आणि उठून नाचायचे तो धिंगाणा, अशी ही वर्णव्यवस्था आहे. रागाला समीक्षा मिळते, ठेक्याला नाक मुरडणे मिळते. ज्या समाजाने कष्ट करणारे शरीर अपवित्र ठरवले, तो नाचणाऱ्या शरीराला पवित्र कसा मानेल? ढोलकी, हलगी, डफ वाजवणारे कोण आणि त्यांना गावात जागा कुठे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तमाशातल्या बाईच्या गाण्यावर गाव रात्रभर डोलते आणि सकाळी तिला वेशीबाहेर समजते. आशा पुथली अंगाने गाणाऱ्या झाल्या त्या क्षणी त्यांची जात त्यांना या निकालापासून पूर्ण वाचवू शकली नाही. जातीचा आणि स्त्रीच्या शरीरावरील पहाऱ्याचा सांधा इथे उघडा पडतो. म्हणून ही तबकडी आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

हा प्रश्न फक्त आपल्या देशाचा नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. हजारो गोऱ्या तरुणांनी जल्लोष केला. तिथे दारावर काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे स्वतः संगीतकार झाला. तो सांगत आला आहे, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या, केवळ काळ्या गायकांच्या म्हणून आणलेल्या तबकड्याही होत्या. आमच्या कर्नाळ्याच्या खिंडीतून जाणारा रस्ता पुढे महाडला जातो. तिथे २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. दोन्हीकडे आगच होती, पण महाडला माणसाला हीन ठरवणारा ग्रंथ जळाला, शिकागोत माणसाला नाचवणारे गाणे जळाले. जाळणारा कोण आणि जळणारे काय, हे पाहिल्याशिवाय आगीचा अर्थ लागत नाही. त्या रात्रीनंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. काळ्यांनी तोच ठेका संथ करून, विजेच्या वाद्यांवर चढवून 'बूगी' या नावाने लहान कंपन्यांतून जिवंत ठेवला.

आपल्या चळवळीचे काळ्यांशी नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तिने नावच ब्लॅक पँथरकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्यांचे साहित्य मराठीत आणले. पण आपण त्यांचे ग्रंथ जितक्या आस्थेने वाचले तितक्या आस्थेने त्यांच्या तबकड्या ऐकल्या नाहीत. त्यामुळे काळ्या पुरुषांची गद्य वेदना आपल्यापर्यंत आली आणि काळ्या स्त्रियांचा आवाज वाटेतच राहिला. स्त्रिया लिहीत होत्याच, पण त्याहून कितीतरी अधिक स्त्रिया गात होत्या.

आपल्या घरातही हेच झाले. आंबेडकरी जलशांनी चळवळ गावोगाव नेली. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक ही नावे आपण आदराने घेतो आणि घ्यावीतच. पण त्या फडांवर उभे राहणारे बहुतेक पुरुष होते. बाई गात होती ती जात्यावर, पाळण्यापाशी, वस्तीतल्या वंदनेच्या वेळी. पुढे कॅसेट आली आणि सुषमादेवींसारख्या गायिका घरोघरी पोहोचल्या. अलीकडे एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात लोकांच्या फोनवरून सर्वदूर गेल्या. लोकांनी त्यांना उचलून धरले. समीक्षा मागे राहिली. त्यांच्या गळ्याविषयी, त्यांच्या लयीविषयी, त्या शब्द कुठे तोडतात आणि का तोडतात याविषयी लिहिलेले किती सापडते? आपणही आपल्या गायिकांचे कौतुक 'बाबासाहेबांवर गातात' एवढ्यावर संपवतो. आशय पाहतो, कला पाहत नाही. हा त्यांचा सन्मान नव्हे.

मी वर्गात 'स्पेस टॉक' ऐकवले तेव्हा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत साऊंड सांभाळणारा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, हिचा बेस आपल्या भीमगीताखाली लावला तर बरोबर बसतो." त्याला रेअर ग्रूव्ह हा शब्द ठाऊक नव्हता. पण लंडनच्या गोदामातल्या पोरांनी जे केले तेच त्याचा कान करत होता. ज्या मिरवणुकीच्या आवाजावर शहाणी माणसे वर्तमानपत्रात नाके मुरडतात, तिथे एक श्रोतृवर्ग तयार झालेला आहे. त्याला तुच्छ लेखून आपण प्रस्थापितांचीच री ओढू नये.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. आशा पुथली पुन्हा सापडल्या, कारण त्यांच्या तबकडीला क्रमांक होता, कंपनीच्या वहीत नोंद होती, वेष्टणावर नाव छापलेले होते. नोंद असली की पन्नास वर्षांनीही माणूस सापडतो. २०२२ साली त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह निघाला तो या नोंदीच्या बळावर. माझ्या आजीच्या ओव्यांना क्रमांक नव्हता. ती गेली आणि ओव्या गेल्या. त्या दुर्मिळसुद्धा झाल्या नाहीत. दुर्मिळ होण्यासाठीही आधी नोंद लागते.

नोंद होऊ शकते, याचा पुरावा मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणारणीच्या नावासह, गावासह. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. इकडे कर्नाळ्याचे अभयारण्य १९६८ साली झाले. तिथल्या पक्ष्यांची नावानिशी यादी आहे. कोणता केव्हा येतो, कसा बोलतो, हे लिहिलेले आहे. चांगलेच आहे. पण त्याच डोंगराच्या पायथ्याशी, वाड्यांत आणि बौद्धवस्तीत जी म्हातारी अजून गाते, तिचे नाव कोणत्या यादीत आहे?

हे काम सरकारवर किंवा संग्राहकांवर सोडून चालणार नाही. संग्राहक येतो तो उशिरा, आणि किंमत लावायला येतो. शाळा-महाविद्यालयांतल्या आपल्या शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीपासून सुरुवात करावी. घरात पडलेल्या कॅसेटची वेष्टणे फेकू नयेत. गायिका, कवी, ढोलकीवाला, कोरस, गाव, साल, जे छापले असेल ते उतरून घ्यावे. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. गाणे ध्वनिमुद्रित करताना बाईला आधी तिचे पूर्ण नाव उच्चारायला सांगावे. आणि मग त्या गाण्यावर लिहावे. भक्तीने नव्हे, कान देऊन लिहावे.