कथाबीज की निवेदक? : हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीकार होण्याचा पुनर्विचार

प्रस्तावना

कादंबरीकाराला कथाबीज कोठे सापडते, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा लेखकांच्या मनोगतांवर सोडून दिलेला आहे. लेखक एखादी आठवण सांगतो, समीक्षक ती उद्धृत करतो आणि चर्चा तेथेच थांबते. दुसरीकडे विद्यापीठीय संशोधनात कादंबरी तिच्या विषयावरून ओळखण्याची सवय दृढ झाली आहे. अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीजीवन, तमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील ग्रामीण समाज अशी प्रबंधांची शीर्षके पाहिली, तरी ही सवय ध्यानात येते. तिचा परिणाम केवळ समीक्षेपुरता राहत नाही. वर्गात बसलेली, लिहू पाहणारी विद्यार्थिनीही 'नवा विषय' शोधू लागते आणि स्वतःच्या घरात घडणारे काही लिहिण्याजोगे आहे असे तिला वाटेनासे होते, कारण त्यावर आधीच कोणी तरी लिहिलेले असते. ही समजूत कितपत टिकते, हे हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. उदाहरण जुने व सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ज्याला मराठी सामाजिक कादंबरीचा जनक म्हणून आपण अभ्यासक्रमात शिकवतो, त्याने आपल्या सर्वश्रेष्ठ कादंबरीसाठी नवा विषय मुळीच शोधला नव्हता, ही गोष्ट मात्र आपण क्वचितच सांगतो.

उसनी चौकट

आपट्यांचा आरंभ उसनवारीतून झाला. 'मधली स्थिति' ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये 'पुणे वैभव' या पत्रातून येऊ लागली. इंग्रज कादंबरीकार रेनल्ड्स याच्या लंडनमधील रहस्यांवर आधारलेल्या लोकप्रिय लेखनावरून ती सुचली, हे अभ्यासकांनी नोंदविलेले आहे. डेक्कन कॉलेजात गणिताच्या परीक्षेत अडखळलेल्या, परंतु इंग्रजी व संस्कृत वाङ्मयाचे प्रचंड वाचन असलेल्या एकविशीतील तरुणाला कथेची चौकट पुस्तकातून मिळाली, यात नवल नाही. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्यांसाठी बनविलेल्या चौकटीत पुण्याचा नवशिक्षित वर्ग बसवू जाताच ती चौकट आपोआप सैल पडते. जुने सुटलेले आणि नवे हाती न लागलेले, अशी ही माणसे आहेत. कादंबरीचे नावच तेवढे सांगून जाते, आणि हे नाव रेनल्ड्सकडून आलेले नाही.

पहिली कादंबरी उसनी, दुसरी आपली, असा सरळ विकासक्रम मांडण्याचा मोह येथे होतो. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली जात होती त्याच सुमारास, १८९०-९१ मध्ये, मेडोज टेलर याच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधारे आपटे 'म्हैसूरचा वाघ' लिहीत होते. म्हणजे उसने आणि स्वतःचे हे दोन प्रवाह एकाच लेखणीतून, जवळजवळ एकाच वेळी वाहत होते. लेखकाला एकदा 'आपला सूर' सापडला की तो त्याला कायमचा लाभतो, या भाबड्या कल्पनेला येथे छेद जातो.

यमुना आणि यमू

'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीचा विषय बालविवाह, सासुरवास, वैधव्य आणि केशवपन हा आहे. हा विषय १८९० मध्ये नवा होता काय? बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हाच तिचा घोषित हेतू होता. आगरकरांचे 'सुधारक' १८८८ मध्ये सुरू झाले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत उघडले आणि १८९० मध्ये पुण्यास आले. संमतिवयाच्या विधेयकावरून १८९१ मध्ये पुण्यात केवढे वादळ उठले, हे सर्वज्ञात आहे. विधवांचा प्रश्न त्या काळी वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून, सभांतून आणि घरोघरच्या ओसरीवर चर्चिला जात होता. 'कल्पना' या अर्थाने कथाबीज शोधणाऱ्या लेखकाने हा विषय शिळा म्हणून बाजूस सारला असता. आपट्यांनी तर नायिकेचे नावही वेगळे ठेवले नाही. पदमनजींची यमुना आणि आपट्यांची यमू हे नामसाम्य हेतुपुरस्सर असो वा योगायोगाचे, त्यामुळे तुलना मात्र सोपी होते.

पदमनजींची यमुना पतीसह प्रवास करते आणि वाटेत तिला निरनिराळ्या विधवांच्या हकीकती पाहावयास व ऐकावयास मिळतात. प्रत्येक हकीकत हा एक पुरावा आहे. पर्यटन ही रचना लेखकाने पुरावे गोळा करण्यासाठीच योजली आहे. पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. प्रश्नाला उत्तर मिळते. हे लेखन प्रामाणिक आहे, त्यातील कळकळही खरी आहे. परंतु दुःख येथे दाखविले जाते आणि ते दाखविणारा दुःखाच्या बाहेर उभा आहे.

आपट्यांची यमू पुरावे गोळा करण्यासाठी कोठेही जात नाही. ती घरात आहे. जे येते ते तिच्या घरात येते, आणि ते 'प्रश्न' म्हणून येत नाही. दादाशी होणारी भांडणे, आईचा धाक व लळा, वडिलांचा करडेपणा, आजोळची माणसे यांतच पाने भरत जातात. विषयावर नजर ठेवून वाचणाऱ्याला हा भाग पाल्हाळिक वाटतो, आणि तो तसा आहेही. आपट्यांच्या पाल्हाळाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु याच पानांतून वाचकाला यमूच्या बोलण्याची सवय होते. तिचे तक्रार करणे, मध्येच हसणे, स्वतःला थांबविणे, मागचे आठवून पुढचे राहून जाणे हे सारे कानांत बसते. त्यामुळे रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर शंकरमामंजींसारख्या माणसांच्या घरात तिच्यावर केशवपनाची सक्ती होते, तेव्हा 'विधवांची दुःस्थिती' हे शब्द वाचकाच्या मनात येत नाहीत. ज्या मुलीचे बोलणे तो इतके दिवस ऐकत आला, तिचे बोलणे आता कसे झाले आहे, एवढेच त्याला जाणवते.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे, की आपट्यांना १८९० मध्ये जे सापडले ते कथाबीज नव्हते, तो निवेदक होता. विषय सर्वांचा होता. तो कोण सांगणार, याचा निर्णय मात्र आपट्यांचा. त्यांची आई ते लहान असतानाच वारली आणि चुलत्यांच्या एकत्र कुटुंबात ते वाढले. पोरक्या मुलाला मोठ्या घरातील बायकांचे बोलणे फार जवळून ऐकू येत असावे, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु तो तर्कच होय. चरित्रातून कादंबरीचे स्पष्टीकरण काढण्याच्या पद्धतीवर अधिक विसंबणे इष्ट नाही, कारण तशा घरात वाढलेले शेकडो लोक होते आणि त्यांनी यमू लिहिली नाही.

साप्ताहिकाची सक्ती

'करमणूक' हे साप्ताहिक आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केले व सुमारे अठ्ठावीस वर्षे चालविले. दर आठवड्याला हप्ता देणे भाग असलेल्या लेखकाला कल्पना सुचण्याची वाट पाहत बसणे परवडत नाही. या सक्तीने त्यांचे नुकसान केले, हे मान्य केले पाहिजे. 'गणपतराव', 'यशवंतराव खरे', 'आजच', 'मायेचा बाजार' आणि 'कर्मयोग' या कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. दहाएक सामाजिक कादंबऱ्यांपैकी निम्म्या अपूर्ण, हे प्रमाण लहान नव्हे.

तथापि कोणत्या पूर्ण झाल्या, हेही पाहण्यासारखे आहे. 'पण लक्षांत कोण घेतो' आणि 'मी' या दोन्ही प्रथमपुरुषी निवेदनाच्या कादंबऱ्या पूर्ण आहेत. उलट सुधारणावादी कर्त्या पुरुषाचे नाव शीर्षकात मिरविणाऱ्या 'गणपतराव' आणि 'यशवंतराव खरे' यांची सुरुवात भरघोस असूनही त्या मध्येच थांबल्या. याला नियम म्हणता येणार नाही, कारण 'जग हें असें आहे' या कादंबरीने तो लगेच मोडतो. परंतु दर आठवड्याला नवी घटना शोधण्यापेक्षा एका माणसाला बोलते ठेवणे लेखकाला सोपे जात असावे, एवढे म्हणावयास जागा आहे. घटना संपतात. बोलणारा माणूस सहसा संपत नाही. सुमारे पाऊण शतकानंतर, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली, तेव्हा तिचा 'विषय' सांगू जाणाऱ्यांची अशीच पंचाईत झाली असणार. खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेला मुलगा परत जातो, एवढाच तो विषय. पांडुरंग सांगवीकर बोलू लागतो तेव्हाच त्या विषयाला वजन येते.

लिहिणारी यमू

या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. यमूचा आवाज हा अखेर एका पुरुषाने घडविलेला आवाज आहे. आपट्यांचा स्नेह व पत्रव्यवहार ज्यांच्याशी होता त्या काशीबाई कानिटकर याच काळात 'रंगराव' ही कादंबरी लिहीत होत्या. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. बायका स्वतः लिहीत असताना त्यांच्या वतीने लिहिणाऱ्या पुरुषाचे नाव वाङ्मयेतिहासात ठळक झाले, ही आपल्या वाङ्मयेतिहासाची मोठी उणीव होय. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या. त्या यमूशेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे आपट्यांनी काय नेमके टिपले आणि काय त्यांच्या कानाआड राहिले, हे दोन्ही दिसते. रमाबाईंच्या लेखनात घरातल्या बायकांच्या टोमण्यांचा जो अचूक हिशेब आहे, तो यमूच्या हळव्या निवेदनात अनेकदा विरघळून जातो.

आपट्यांना या अडचणीची जाणीव होती की नाही, हे ठरविता येत नाही. कादंबरीने मात्र तिची दखल घेतली आहे. यमूला वाचावयास शिकविले ते तिच्या पतीने, आणि तिचे सुखाचे दिवस ते मुंबईतील शिकण्याचे दिवस होत. तिला आपली हकीकत सांगता येते ती त्या शिक्षणामुळेच. म्हणजे यमू लिहिती कशी झाली, याचे उत्तर कादंबरीच्या कथानकातच आहे, आणि ते तिच्या वैवाहिक सुखाशी जोडलेले आहे. तिची मैत्रीण दुर्गी हिची हकीकत आपल्याला यमूच्या शब्दांतूनच कळते. सासू आणि नवरा यांच्या छळाखाली दबलेल्या दुर्गीने स्वतः सांगितली असती तर ती कादंबरी कशी झाली असती, हे आपट्यांनी लिहिले नाही.