बॅटरीच्या विद्युतदाबाचे मापन आणि प्रयोगवहीतील 'पाच व्होल्ट' : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

मायक्रोकंट्रोलरच्या साहाय्याने बॅटरीचा विद्युतदाब मोजणे हा पदवी स्तरावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प होय. छत्रपती संभाजीनगर परिसरात त्यास आता निराळे महत्त्व आले आहे. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना 1985 पासून आहेच; 2024 मध्ये एथर एनर्जीनेही बिडकीन येथे विद्युत दुचाकींचा कारखाना उभारण्याचे जाहीर केले. अशा वेळी हा प्रयोग कोणत्या गृहीतकावर उभा आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात त्याच्या रूढ मांडणीची चिकित्सा केली आहे.

रूढ मांडणी व तिच्यातील दोष :

अर्डुइनो उनोवरील एटीमेगा 328 पी या मायक्रोकंट्रोलरमधील अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तक 10 बिटांचा आहे. तो संदर्भदाबाचे 1024 भाग करतो. 30 व 10 किलोओहमच्या रोधांनी बॅटरीचा दाब चौथाई करावयाचा आणि मिळालेल्या अंकास 5 भागिले 1024 व पुन्हा 4 ने गुणावयाचे, अशी ही रीत आहे. एका पायरीचे मूल्य सुमारे 20 मिलिव्होल्ट येते व विद्यार्थी तीच मापनाची अचूकता समजतो. वस्तुतः ते केवळ विभेदन आहे. अचूकता संदर्भदाबावर अवलंबून असते आणि येथे संदर्भदाब म्हणजे पुरवठ्याचाच दाब.

यूएसबी 2.0 च्या मानकानुसार संगणकाकडून मिळणारा दाब 4.75 ते 5.25 व्होल्ट असू शकतो. तो 4.75 असेल आणि आज्ञावलीत मात्र 5 लिहिले असेल, तर 12.0 व्होल्टच्या बॅटरीकरिता परिवर्तक 646 हा अंक देतो व पडद्यावर 12.62 व्होल्ट उमटतात. स्थिर अवस्थेतील शिसे-आम्ल बॅटरीत 12.6 व्होल्ट ही जवळजवळ पूर्ण भारित स्थिती, तर 12.0 व्होल्ट ही सुमारे पाव भारित स्थिती मानली जाते. अर्थात रिकामी होत आलेली बॅटरी भरलेली दिसते. आणि दशांश चिन्हापुढील दोन अंकांमुळे तिच्यावर विश्वासही बसतो!

मायक्रोकंट्रोलर त्याच बॅटरीवर थेट चालत असेल, तर दोष अधिक गंभीर होतो. बॅटरी उतरते तसा संदर्भदाबही उतरतो आणि दोहोंचे गुणोत्तर तेवढेच राहते. मोजपट्टीच वस्तूबरोबर आखडू लागली, तर वस्तू आखडल्याचे कळावे कसे?

पर्यायी मांडणी :

याच मायक्रोकंट्रोलरमध्ये 1.1 व्होल्टचा अंतर्गत संदर्भदाब उपलब्ध आहे. प्रत्येक नगात तो 1.0 ते 1.2 या मर्यादेत वेगवेगळा असला, तरी एका नगात पुरेसा स्थिर राहतो. म्हणून विश्वसनीय मल्टिमीटरशी एकदा ताडून त्याचे प्रत्यक्ष मूल्य आज्ञावलीत नोंदवावे. त्यासोबत 150 व 10 किलोओहमचे रोध घेतल्यास 17.6 व्होल्टपर्यंत मापन होते, 12.6 व्होल्टला रोधांतून अवघा 79 मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो आणि उगमाचा रोध शिफारस केलेल्या 10 किलोओहमच्या आतच राहतो. बॅटरीची बचत म्हणून याहून मोठे रोध वापरावयाचे झाल्यास, परिवर्तकाच्या टोकाशी 0.1 मायक्रोफॅरडचा धारित्र जोडणे इष्ट होय.

जेथे बॅटरी थेट मायक्रोकंट्रोलरला जोडलेली आहे, तेथे रीत उलटी करावी. पुरवठा हा संदर्भ धरून अंतर्गत 1.1 व्होल्टचेच मापन करावे. अंक 341 आल्यास पुरवठा 3.30 व्होल्ट आहे, हे साध्या भागाकाराने निघते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रश्न यंत्रसामग्रीच्या उणिवेचा नसून अध्यापनातील गृहीतकाचा आहे. त्यासाठी नवी खरेदी करण्याची गरज नाही. प्रयोगवहीच्या तक्त्यात 'प्रत्यक्ष संदर्भदाब' असा एक रकाना वाढवावा, किमान तीन दाबांवर मल्टिमीटरशी तुलना सक्तीची करावी आणि उत्तरासोबत संभाव्य त्रुटी लिहिणाऱ्यासच पूर्ण गुण द्यावेत. आकडा वाचता येणे आणि त्या आकड्यावर कितपत विसंबावे हे सांगता येणे, यांतील अंतर ओळखणे हाच मापनशास्त्राचा पहिला धडा होय.